अळूच्या मुलखातला बर्फ

दहा वर्षं मी शाळेत भूगोल शिकवते. पूर्ण वेळ नव्हे, सकाळच्या सत्रात तीन-चार तास. 'बेटांचे हवामान सम असते, कारण सभोवार समुद्र असतो' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. उष्ण कटिबंधातलं बेट म्हटलं की नारळ, केळी, पाऊस आणि अंगाला चिकटणारी हवा. मुलांनी एवढं लिहिलं की मी पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळी होते. तेव्हा गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन हवाई बेटावर जायचं ठरलं आणि त्या आपली जाडजूड लोकरी शाल बॅगेत कोंबू लागल्या, तेव्हा मीच ती बाहेर काढली. "अहो आई, तिथे घाम येईल घाम! तेवढ्या जागेत भाजणीचा डबा बसेल." भाजणी विमानात बसली आणि शाल सांगलीच्या कपाटात राहिली. मैत्रिणींनो, आज तुम्हाला सांगायची आहे ती त्या शालीची गोष्ट.

माझ्या धाकट्या नणंदेचे यजमान हिलो नावाच्या गावात प्राध्यापक आहेत. वन्संचं पहिलंच बाळंतपण. सासूबाईंना जाणं भाग होतं, पण इंग्रजीचा गंध नाही आणि विमानं बदलायची, म्हणून सोबतीला मी. इकडे आमच्या 'ह्यां'नी आणि चिरंजिवांनी महिनाभर डबा लावला. (तो त्यांना माझ्या स्वयंपाकापेक्षा आवडला, हे मला परत आल्यावर कळलं. असो.)

हवाई हे एकच बेट नव्हे. पॅसिफिक महासागराच्या मधोमध ज्वालामुखींनी वर काढलेली ती बेटांची माळ आहे, आणि त्यातल्या सगळ्यांत मोठ्या बेटाचं नावही पुन्हा हवाईच. हिलो त्या मोठ्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर. राज्य अमेरिकेचं, पण अक्षांश पाहाल तर आपल्या मुंबई-नाशिकच्या पट्ट्यातलेच. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्यावर पाऊस. आपल्या कोकणात चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथे बारा महिने थोडाथोडा टिपकत असतो. अंगणात कर्दळ, जास्वंद, पपई. नीरफणसाचं झाड पाहून तर सासूबाई, "अगं, हे आपल्या मालवणच्या आत्याकडचं!" म्हणून थबकल्याच.

पण त्यांचं मन खरं रमलं ते बाजारात. अळू! इथल्या लोकांचं मूळ अन्नच अळू. आपण पानांवर प्रेम करतो, हे कांद्यावर. कांदा उकडून, कुटून त्याचा पोई नावाचा चिकट, जांभळट लगदा करतात आणि भातासारखा जेवणात घेतात. पानांत मांस किंवा मासे गुंडाळून वाफवतात, त्याला लाऊलाऊ म्हणतात. पानं मात्र तास न् तास शिजवायची, नाहीतर घशाला खाजतात, हे त्यांनाही आपल्यासारखंच ठाऊक. शेजारी एक वृद्ध हवाईयन बाई राहायच्या. त्यांच्या परसात अळूचा वाफा होता. एकीला मराठी, दुसरीला इंग्रजी आणि हवाईयन, पण चिंच घालून केलेलं अळूचं फतफतं एका वाटीतून कुंपणापलीकडे गेलं आणि दोघींची गट्टी जमली. वन्सं बाळाला मांडीवर घेऊन दुभाषाचं काम करायच्या.

या बाईंनीच आम्हाला डोंगर दाखवला. हिलोच्या किनाऱ्यावरून सकाळी सकाळी, ढग चढण्यापूर्वी, मागे एक प्रचंड पण अंगानं सावकाश चढत गेलेला डोंगर दिसतो. त्याचं नाव मौना केआ, म्हणजे पांढरा डोंगर. उंची ४,२०७ मीटर! आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अडीच कळसूबाया एकावर एक रचाव्यात. दक्षिणेला त्याचा जोडीदार मौना लोआ, तो अगदी थोडक्यानं ठेंगणा. पांढऱ्या डोंगरावर पोलिआहू नावाची बर्फाची देवी राहते. तिचं आणि ज्वालामुखीच्या पेले देवीचं हाडवैर. दोघींची उतारावरून घसरत जायची शर्यत लागली, पेलेनं चिडून लाव्हा सोडला आणि पोलिआहूनं बर्फ टाकून तो थिजवला, अशी कथा. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे इथेही जावाजावांचं पटत नाही म्हणा की."

पण 'बर्फ' हा शब्द त्यांच्या मनात राहिला. मामंजींना बद्री-केदार करायचं होतं. दरवर्षी ठरायचं आणि कधी मुलीचं कॉलेज, कधी घराचं कर्ज, कधी गुडघे आडवे यायचे. ते गेले, यात्रा राहिली. एका रात्री बाळाची झबली घड्या घालता घालता त्या सहज बोलल्या, "बर्फ काही या जन्मी बघितला नाही बाई." कुठलाही आग्रह नाही, तक्रार नाही. असं काही बोलल्या की सुनेला रात्रभर झोप लागत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

चौकशी केली. आठवड्यापूर्वी पडलेल्या बर्फाचे दोनचार चट्टे माथ्यावर उरले होते. जाता येतं, पण मध्ये थांबून. माझा हिशेब पक्का झाला. आणि नेमका त्याच सकाळी नणंदेच्या यजमानांच्या फोनवर हवामान खात्याचा इशारा आला. थंडीचं वादळ येतंय, दुसऱ्या दिवशी रात्री. फक्त डोंगरमाथ्यांसाठी. गंमत बघा, खाली आम्ही पंख्याखाली बसून पपई खात होतो आणि त्याच बेटाच्या वरच्या अंगासाठी बर्फ, सोसाट्याचा वारा आणि 'प्रवास टाळा' असा निरोप! मी मोठ्यानं हसले. भूगोलाची बाई ना मी.

यातली कारणं मला नंतर नीट समजली, ती आताच सांगते. या बेटांवर वर्षातला बहुतेक काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. ते ढग आणतात, पण साधारण दोन हजार मीटरवर त्या ढगांना जणू झाकण बसलेलं असतं. त्याच्या वर कोरडी हवा आणि निरभ्र आकाश. म्हणून तर मौना केआच्या माथ्यावर जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी बसवल्या आहेत. हिवाळ्यात मात्र कधीकधी हे नेहमीचे वारे पडतात, कमी दाबाचा भोवरा बेटांच्या पश्चिमेला येऊन बसतो आणि वारं दक्षिण-नैर्ऋत्येकडून फिरतं. त्याला कोना वादळ म्हणतात. कोना म्हणजे आडोशाची बाजू, एरवी जिकडून वारा लागत नाही ती. मग झाकण उडतं, दमट हवा थेट माथ्यापर्यंत चढते, आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबानं वर शून्याखालची थंडी असल्यामुळे तिचा बर्फ होतो. हे काही अघटित नव्हे. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला याच शिखरांसाठी चक्क हिमवादळाचा इशारा निघाला होता. ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा वारा आणि फूटभर बर्फ. फेब्रुवारी २०१९ मध्ये शेजारच्या माउई बेटावर जेमतेम १,९०० मीटर उंचीच्या पोलिपोली उद्यानातही बर्फ पडला. आणि हवाईतलं सगळ्यांत कमी तापमान, उणे ११ अंश, याच मौना केआवर नोंदलं गेलं, तेही १७ मे १९७९ ला. मे महिन्यात, बरं का!

मी म्हटलं, "वादळ उद्या रात्रीचं आहे. आपण आज दुपारी जाऊन येऊ." जावई म्हणाले, "वहिनी, दुर्बिणीवाली मंडळी आपापले घुमट बंद करून खाली उतरायला लागली आहेत." मी म्हटलं, "चार दिवसांनी आमचं विमान आहे. आता नाही तर कधीच नाही." ते भिडस्त. त्यांनी गाडी काढली.

हिलो सोडलं की रस्ता आधी रानातून, मग काळ्या लाव्ह्याच्या रानामाळातून चढतो. तासाभरात आपण समुद्रसपाटीवरून २,८०० मीटरवर, हालेपोहाकू या ठिकाणी. तिथे माहिती केंद्र आहे. १९८६ साली चॅलेंजर यानाच्या अपघातात गेलेले अंतराळवीर एलिसन ओनिझुका इथलेच, त्यांचं नाव केंद्राला दिलंय. वर जाणाऱ्या प्रत्येकानं इथे निदान अर्धा तास थांबायचं, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय होते. पुढचा रस्ता बराचसा कच्चा आणि खडा, फोर व्हील ड्राइव्हची गाडीच लागते. लहान मुलं, गरोदर बायका, हृदयाचे किंवा श्वासाचे रुग्ण यांनी पुढे जाऊ नये अशी पाटी आहे. ती मी वाचली. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे हे तिथल्या कुणाला विचारावं, असं मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं.

वन्संनी आपलं जाड जाकीट दिलं होतं. पण येताना गाडीत उकडलं, म्हणून सासूबाईंनी ते काढून मागच्या सीटवर टाकलं. आता अंगावर सुती पाचवारी आणि वर माझी ओढणीवजा स्टोल. मी म्हटलं, आणते. त्या म्हणाल्या, "कशाला, पाच मिनिटं तर उभं राहायचंय." भिंतीवरच्या तापमापकात ५ अंश होते. मनात म्हटलं, महाबळेश्वरला दवाचं पांढरं होतं तेव्हाही आपण लेण्यांसारखे मठ्ठ उभे राहून फोटो काढतोच की.

त्यांना वरचा माथा बघायचा होता. धुकं सरकत होतं, मधूनच फटीतून एखादी तांबडी टेकडी दिसायची. त्या फटीची वाट पाहत त्या उघड्यावर उभ्या राहिल्या. वारं दक्षिणेकडून, सलग, न थांबता. धुक्यातलं पाणी पदराला, निऱ्यांना लागत होतं. पाच मिनिटांची पंचवीस झाली. मी आत जाऊन वेकियू नावाच्या किड्याची माहिती वाचत बसले. हा मूठभर खड्यांत राहणारा किडा माथ्यावर बर्फाच्या कडेला जगतो. वारा खालून उडवून आणतो ते किडे गारठून मरतात, ते खाऊन. वारं त्याचं जेवण वाढतं! मला त्याचं फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात तिथल्या रक्षकानं रस्ता बंद केला. वर वारा वाढलाय, कुणालाही सोडणार नाही. मी त्याच्याशी वाद घातला, हो, घातला. म्हातारी बाई आहे, इतक्या लांबून आली आहे, दहा मिनिटांत परत येऊ. तो शांतपणे नाही म्हणत राहिला. मी तणतणत बाहेर आले आणि म्हटलं, "आई, चला, नाही सोडत मेला."

त्या वळल्या नाहीत. पुढे जाऊन पाहिलं तर ओठ निळसर, बोटं पांढरी पडलेली, पदर मुठीत धरलेला पण मूठ उघडता येत नव्हती. आणि मला म्हणाल्या, अगदी सावकाश, जड जिभेनं, "सुमे, एस्टी सांगलीला किती वाजता पोचते गं?" सुमा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिला जाऊन बारा वर्षं झाली.

मैत्रिणींनो, माझ्या पायांतलं बळच गेलं. जावयांनी त्यांना उचलून गाडीत ठेवलं. त्यांना पूर्वीच्या कुठल्याशा डोंगरभटकंतीत शिकवलेलं होतं, म्हणून निभावलं. आधी ओलं लुगडं काढायचं. मी त्यांची लाजही मनात आणली नाही, सोडून टाकलं. कोरडं जाकीट, माझी सलवार, वरून गाडीतली चादर. छाती-पोट आधी ऊबेत घ्यायचं, हातपाय चोळत बसायचं नाही. मी सवयीनं तळपाय घासायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच गरम, गोड काहीतरी घोटघोट द्यायचं. थर्मासमध्ये वन्संचा शेपा-बाळंतशोपांचा काढा होता, गूळ घातलेला. तो दिला. आणि थांबायचं नाही, खाली उतरायचं. अर्ध्या वाटेवर त्या थडथड कापू लागल्या. मी घाबरले, जावई म्हणाले, "हे चांगलं लक्षण आहे, शरीर पुन्हा झगडायला लागलंय." रानाच्या पट्ट्यात आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं लुगडं कुठे गं?" आणि मी तोंडावर हात घेऊन रडले. घरी न जाता आधी इस्पितळ गाठलं. तिथून रात्री सोडलं.

पाच अंशांना हे कसं झालं? मी दोन दिवस हेच घोकत होते. उत्तर स्वयंपाकघरातच होतं. कपातला चहा तोंडाला लागत नाही म्हणून आपण बशीत ओततो आणि फुंकर मारतो. आपला श्वास काही बर्फासारखा नसतो, तरी चहा झटकन निवतो. कारण चहावर वाफेची, ऊन हवेची जी साय धरलेली असते, ती फुंकर सारखी बाजूला करते. माणसाच्या अंगाभोवतीही त्याच्याच उष्णतेची अशी पातळ साय असते. वारं ती खरवडून नेतं, अंग पुन्हा ऊब तयार करतं, वारं पुन्हा नेतं. याला विंड चिल म्हणतात. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी १९४० च्या सुमारास अंटार्क्टिकावर पाण्यानं भरलेली छोटी नळकांडी वाऱ्यात टांगून, पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजून याचा पहिला हिशेब मांडला. २००१ साली तो सुधारला. त्या सुधारलेल्या सूत्रानं मी वहीत आकडे काढले. ५ अंश आणि ताशी ५० किलोमीटरचा वारा, तर उघड्या कातडीला ते उणे १ सारखं. माथ्यावर उणे ४ आणि ताशी ८० चा वारा असेल तर उणे १५! आणि हा कोरड्या अंगाचा हिशेब. माझ्या सासूबाई ओल्या सुती कापडात होत्या. माठ ज्या युक्तीनं पाणी गार करतो तीच युक्ती ते लुगडं त्यांच्या अंगावर करत होतं. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते. सूत भिजलं की वैरी. ती शाल, मैत्रिणींनो, ती शाल! सांगलीच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या सोबतीला होती.

दुसऱ्या रात्री वादळ आलं. हिलोत थंडी नव्हती, नुसता पाऊस. पत्र्यावर असा कोसळत होता की बाळ दचकून उठायचं. वीज गेली. सासूबाई शेकशेगडी नसल्यामुळे गरम पाण्याच्या पिशवीवर बाळाला शेकत बसल्या होत्या, जणू काही झालंच नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेले आणि गोळीचं सांगितलं. की पाटी वाचली होती आणि गप्प राहिले. त्या बाळाची टाळू चाचपत म्हणाल्या, "मी तरी कुठे बोलले? पाटी वाचता येत नसली तरी जीव घाबरा होत होता ते कळत होतं की मला."

तिसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या बाई कुंपणाशी उभ्या राहून हाका मारत होत्या. आम्ही बाहेर आलो. आभाळ धुतल्यासारखं, आणि मागे डोंगर खांद्यापर्यंत पांढरा. पुढे नारळ, मागे बर्फ. सासूबाईंनी आपोआप हात जोडले. बाईंनी विचारलं, तुम्ही वर का गेला होता? वन्संनी सांगितलं. त्या म्हणाल्या, मी सत्तर वर्षं इथे आहे, कधी गेले नाही. ते देवांचं घर आहे, इथून दिसतं तेवढं पुरे. तिथे आणखी एक प्रचंड दुर्बीण बांधायच्या बेताविरुद्ध २०१९ साली हवाईयन लोक रस्त्यात बसले होते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना अटक झाली, त्यात त्यांचे नातलग होते. त्या दुर्बिणीत आपला भारतही भागीदार आहे, पुण्याची 'आयुका' संस्थाही, हे मला ठाऊक होतं. मी ते बोलले नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, "बरोबर आहे. कैलासावर तरी कोण चढतं? प्रदक्षिणाच घालतात."

दुपारी समोरच्या घरातली पोरं पिकअप गाडीच्या हौद्यात बर्फ भरून घेऊन आली. तिथे ही प्रथाच आहे. रस्ता उघडला की वर जायचं, गाडी भरायची आणि समुद्रकाठी नेऊन बर्फाचा माणूस करायचा. पोरांनी सासूबाईंपुढे एक पातेलंभर आणून ठेवला. शेजारच्या बाईंच्या कपाळाला आठी पडली, पण त्या काही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी एक बोट लावलं, मग चिमूट उचलली, मग तळहातावर घेऊन तो पाणी होईपर्यंत तसाच धरला. "खाऱ्या मिठासारखा दिसतो नाही?" एवढंच.

मग पातेलं उचलून वन्संना म्हणाल्या, "विचार त्यांना, तुमच्या अळूला घातला तर चालेल का. जिथला आहे तिथे परत तर नेता येत नाही."

वन्संनी विचारलं. बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग कुंपणाचं फाटक उघडलं आणि सांगितलं, की त्यांच्या पुराणात हा डोंगर आणि अळू एकाच बापाची लेकरं आहेत, आकाशाची. आणि अळू माणसाचा थोरला भाऊ. सासूबाईंनी पदर खोचला. दोघींनी मिळून तो बर्फ ओंजळी-ओंजळीनं वाफ्यात, मुळांपासून थोडा दूर, पसरून घातला.